आमच्या आत्याबाई दुसऱ्याच्या संकेतस्थळावर : नक्कल झालेला मजकूर आणि कॉपीराइटचा कायदा

खानदेशातील खाद्यपदार्थ, गावे आणि अहिराणी बोली यांविषयीचे एक लहानसे संकेतस्थळ मी काही वर्षांपासून जळगावातून चालवतो. त्यावर हिवाळ्यातील भरताविषयी एक लेख आहे. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी कशी भाजतात, ती लाकडी भांड्यात कशी ठेचतात, सोबत कळण्याच्या पुऱ्या का हव्यात आणि मिरची किती पडावी याविषयी आमच्या आत्याबाईंचे ठाम मत काय आहे, असा तो मजकूर. एके दिवशी एका वाचकाने कळवले की हाच लेख दुसऱ्या एका संकेतस्थळावर दिसतो आहे. उघडून पाहिले तर शीर्षक बदललेले, माझे नाव गाळलेले. परंतु घाईत माझ्या हातून पडलेले ‘ठेचुन’ ऱ्हस्व उकारासह जसेच्या तसे, आणि ‘आमच्या आत्याबाई’ही जागच्या जागी. छायाचित्राखाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असे लिहिलेले होते.

अशा वेळी पहिली ऊर्मी येते ती फोन करून खडसावण्याची किंवा समाजमाध्यमांवर त्या माणसाचे नाव जाहीर करण्याची. ती आवरावी, असे मी अनुभवाने सांगतो, आणि त्याचे कारण सभ्यता हे नव्हे. भांडण सुरू झाले की समोरचा माणूस ते पान आधी बदलतो आणि मग ‘तसे काही नव्हतेच’ म्हणतो. शिवाय आपण ज्याला ‘माझे’ म्हणतो त्यातले कायद्याच्या दृष्टीने आपले किती, हे बहुतेक संकेतस्थळचालकांनी कधी तपासलेलेच नसते. म्हणून नक्कल करणाऱ्याकडे वळण्याआधी नक्की काय उचलले गेले आहे आणि ते खरोखर माझे आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी हवीत. तक्रार टिकते की फसते, हे बहुतांशी या उत्तरांवर ठरते.

भारतात हा विषय कॉपीराइट अधिनियम, १९५७ याखाली येतो. मराठीत त्याला प्रताधिकार किंवा स्वामित्वहक्क म्हणतात. बोलण्यात रुळलेला शब्द मात्र कॉपीराइटच आहे. हा कायदा कल्पनेला, माहितीला किंवा वस्तुस्थितीला संरक्षण देत नाही. ती ज्या शब्दांत, ज्या रचनेत, ज्या चित्रात मांडली गेली त्या मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केले की एकाच कल्पनेवर दोघे स्वतंत्रपणे काम करू शकतात, आणि पाहायचे ते एवढेच की दोन्ही कृती पाहणाऱ्या किंवा वाचणाऱ्या माणसाच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कल असल्याचा ठसा निःसंशय उमटतो का. पुढे २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की केवळ कष्ट केले म्हणून हक्क निर्माण होत नाही, तर त्या कामात कर्त्याच्या कौशल्याचा, निवडीचा आणि थोड्या तरी सर्जनशीलतेचा अंश असावा लागतो. तो वाद न्यायालयीन निकालांच्या संपादित आवृत्तीवरून झाला होता. मूळ निकाल कोणीही छापावा, परंतु संपादकाने स्वतः लिहिलेली टिपणे आणि विचारपूर्वक केलेली परिच्छेदांची विभागणी उचलता येणार नाही, असे त्यात ठरले.

हे आपल्याकडच्या उदाहरणांना लावून पाहिले की सोपे होते. भरतासाठी वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात लागते, या यादीवर माझा कसलाही हक्क नाही. वांगी काड्यांवर भाजावीत, या पद्धतीवरही नाही; ती पद्धत अख्ख्या खानदेशाची आहे. मात्र ते भाजणे मी ज्या वाक्यांत सांगितले ती वाक्ये माझी, मी काढलेले छायाचित्र माझे आणि आत्याबाईंचा प्रसंगही माझ्याच शब्दांतला. रावेर किंवा सावद्याचे केळीचे त्या दिवसाचे भाव ही वस्तुस्थिती झाली. तुम्ही ते पहाटे उठून, दहा ठिकाणी फोन करून गोळा केलेले असले तरी दुसऱ्याने ते आकडे सांगितल्यास कॉपीराइटचा भंग होत नाही. भाव का पडले याविषयी तुम्ही लिहिलेले चार परिच्छेद मात्र त्याला उचलता येत नाहीत. अहिराणी शब्दसंग्रहाचेही तसेच आहे. शब्द बोलणाऱ्यांचे असतात, त्यांचे अर्थही. परंतु प्रत्येक शब्दाचे तुम्ही लिहिलेले स्पष्टीकरण, घडवलेली उदाहरणवाक्ये आणि शब्दांची केलेली निवड-मांडणी ही साहित्यकृती ठरू शकते. आमच्या शब्दसंग्रहातले शब्द कोणी घेतले तर मी तक्रार करत नाही. उदाहरणवाक्यांसकट घेतले तर करतो.

हा हक्क मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. लेख लिहिला, छायाचित्र काढले, त्या क्षणी हक्क निर्माण होतो. १८८६ च्या बर्न करारात सहभागी असलेल्या देशांनी हे तत्त्व मान्य केले आहे आणि भारत त्यांपैकी एक असल्यामुळे आपल्या मजकुराला परदेशातही संरक्षण मिळते. पानाच्या तळाशी वर्तुळातले इंग्रजी ‘सी’ अक्षर छापले नाही म्हणून हक्क जात नाही. तरीही नाव, वर्ष आणि ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ जरूर छापावी, असे माझे मत आहे, आणि त्याला आधार कलम ५५ चा आहे. प्रसिद्ध झालेल्या कृतीवर लेखक म्हणून ज्याचे नाव असते तोच लेखक, असे न्यायालय उलट पुरावा येईपर्यंत गृहीत धरते. याच कलमात असेही आहे की हक्क असल्याची आपल्याला जाणीव नव्हती आणि तशी शंका येण्यास वाजवी कारणही नव्हते, असे नक्कल करणाऱ्याने सिद्ध केले तर त्याच्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही. न्यायालयाचा मनाई हुकूम आणि फार तर नफ्यातला वाटा एवढेच पदरात पडते. ठळकपणे छापलेली ती ओळ हा बचाव बराच दुबळा करते.

ऐच्छिक नोंदणी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात होते. साहित्यकृतीसाठी एका कृतीला ५०० रुपये शुल्क असते, आणि नोंदवहीतील नोंद न्यायालयात सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते. संपूर्ण संकेतस्थळ ही एकच कृती म्हणून नोंदवता येत नाही. त्यातील लेख, चित्रे आणि संगणकीय प्रणाली वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. रोज लिहिणाऱ्याने प्रत्येक लेख नोंदवत बसण्यात अर्थ नाही. ज्यामागे वर्षानुवर्षांचे काम आहे, उदाहरणार्थ शब्दकोश, तेवढे नोंदवावे.

आता सर्वांत अडचणीचा प्रश्न : तो मजकूर तुमचा आहे का? जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच संकेतस्थळे अशी चालतात की मालक एक, आणि लिहिणारी महाविद्यालयातली तीन-चार मुले, ज्यांना लेखामागे ठरावीक रक्कम मिळते. पैसे दिले म्हणजे लेख आपला झाला, असे मालक धरून चालतो. कायदा तसे म्हणत नाही. कलम १७ नुसार पहिला हक्कदार लेखक असतो. तो तुमचा नोकर असेल आणि नोकरीचे काम म्हणून त्याने लिहिले असेल, तर वेगळा करार नसताना हक्क मालकाकडे जातो. परंतु लेखामागे पैसे घेणारा मुलगा नोकर नसतो, तो स्वतंत्र लेखक असतो. त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो आणि तुम्हाला मिळते ती फक्त छापण्याची मुभा. हक्क तुमच्याकडे यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे तो लेखी, त्याच्या सहीने तुमच्या नावे करून घ्यावा लागतो. त्या कागदात कोणता लेख, कोणते हक्क, किती मोबदला, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेले असावे. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच समजला जातो. ही शेवटची गोष्ट संकेतस्थळासाठी किरकोळ नाही, कारण आपली पाने दुबई-अमेरिकेतले खानदेशीही वाचतात.

छायाचित्रांच्या बाबतीत नियम जवळजवळ उलटा आहे, आणि इथे भलेभले गोंधळतात. तुम्ही छायाचित्रकाराला मोबदला ठरवून सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांची छायाचित्रे काढायला पाठवले, तर वेगळा करार नसल्यास त्या छायाचित्रांचे पहिले हक्कदार तुम्ही ठरता. त्याने मात्र ती आधीच स्वतःच्या हौसेने काढलेली असतील आणि तुम्ही नंतर पैसे देऊन घेतली असतील, तर हक्क त्याचाच राहतो. म्हणजे एकाच यात्रेच्या एकाच पानावर, एकाच दिवशी पैसे चुकते केलेल्या दोन माणसांपैकी लेख लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्याकडे आणि छायाचित्रे काढणाऱ्याचा तुमच्याकडे, अशी स्थिती होऊ शकते. त्यात भर म्हणजे कलम ५७. हक्क विकून टाकल्यानंतरही, ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. त्यामुळे लेखकाचे नाव पुसणे हे मालकालाही शोभत नाही आणि पेलतही नाही.

हक्क किती काळ टिकतो, हेही आपल्या जवळच्या उदाहरणाने सांगता येईल. सर्वसाधारण नियम असा की लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे. मुळात ही मुदत ५० वर्षांची होती, १९९२ मध्ये ती वाढली. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित होणाऱ्या साहित्यासाठी कलम २४ लागू होते आणि मुदत मृत्यूपासून नव्हे तर प्रकाशनापासून मोजतात. त्या हिशेबाने ती २०१२ च्या अखेरीस संपली. आज त्या ओव्या कोणीही आपल्या संकेतस्थळावर द्याव्यात. परंतु कोणी अलीकडे केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण, लिहिलेली टीप किंवा काढलेले चित्र मोकळे झाले असे नाही. त्या प्रत्येकाचा हक्क आणि मुदत वेगळी.

दुसऱ्याचा मजकूर घेणे प्रत्येक वेळी बेकायदेशीर असते, असेही नाही. कलम ५२ मध्ये सवलतींची लांबलचक यादी आहे. संकेतस्थळचालकाला तिच्यातली कामाची सवलत म्हणजे समीक्षेसाठी किंवा चालू घडामोडींचे वृत्त देण्यासाठी केलेला वाजवी वापर. कोणी माझ्या भरताच्या लेखातली चार वाक्ये नावासह उद्धृत करून ‘यात लसूण फार सांगितला आहे’ असे लिहिले, तर तो त्याचा अधिकार आहे आणि मला ते निमूटपणे वाचावे लागेल. किती शब्दांपर्यंत चालते, असे लोक विचारतात. कायद्यात असा आकडा नाही. हेतू काय, किती भाग घेतला आणि त्यामुळे मूळ लेख वाचण्याची गरजच संपते का, हे पाहिले जाते. शासकीय राजपत्रातील मजकूर, भाष्यासह किंवा इतर स्वतंत्र मजकुरासह दिलेला अधिनियम आणि न्यायालयाने मनाई केलेली नसल्यास त्याचे निकाल, हे देता येतात. नुसता दुवा देणे आणि अख्खा मजकूर आपल्या पानावर उतरवणे यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘सौजन्य’ ही मात्र सवलत नव्हे. नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, हा समज फार पसरलेला आहे. आणि ‘सौजन्य : इंटरनेट’ यात तर नावही नसते. बाजारातून कोणाची तरी सायकल न विचारता नेऊन तिला ‘सौजन्य : बाजारपेठ’ अशी पाटी लावण्यासारखे ते आहे. शब्द इकडचे तिकडे केल्याने किंवा यंत्राकडून हिंदी भाषांतर करून घेतल्यानेही सुटका होत नाही, कारण भाषांतराचा आणि रूपांतराचा हक्क कलम १४ प्रमाणे मूळ हक्कदाराचाच असतो.

ही तपासणी झाली आणि मजकूर आपलाच आहे, नक्कलही मांडणीचीच आहे, अशी खात्री पटली की पुढचा तास पुराव्याचा. नक्कल झालेल्या पानाची संपूर्ण चित्रे (स्क्रीनशॉट) घ्यावीत, आणि त्यांत पानाचा पूर्ण पत्ता, तारीख व वेळ दिसावी. तेच पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या सार्वजनिक संग्रहात, जतन करावे. तिथली प्रत ना तुमच्या ताब्यात असते ना त्याच्या, म्हणून तिला वजन येते. आपल्या बाजूने लेखाचा कच्चा मसुदा, प्रसिद्धीची नोंद, छायाचित्राची कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि त्याच वेळी घेतलेली, परंतु कधीही न छापलेली आजूबाजूची छायाचित्रे वेगळी काढून ठेवावीत. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला फार उशिरा कळले. छापलेले छायाचित्र कोणाकडेही असू शकते, पण त्याच्या आधीचे हललेले आणि नंतरचे धुरकटलेले फक्त काढणाऱ्याकडेच असते. उतरलेल्या शुद्धलेखनाच्या चुका आणि आत्याबाईंसारखे खासगी उल्लेखही नोंदवावेत. माहिती दोघांनी एकाच ठिकाणाहून घेतली असे म्हणता येते, परंतु दोघांनी एकच चूक केली असे म्हणणे अवघड जाते. कधी कधी नक्कल करणारा छायाचित्र उतरवून घेण्याचेही कष्ट घेत नाही, थेट आपल्या सर्व्हरवरून दाखवतो. तशा वेळी आपल्याच सर्व्हरच्या नोंदींत त्याच्या पानाचा पत्ता सापडतो. प्रकरण न्यायालयापर्यंत जाण्याची शक्यता असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, ज्यात उपकरण सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाची अशा दोन्ही सह्या असतात आणि फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवलेले असते. तेव्हा मूळ फाइली न बदलता, न कापता ठेवाव्यात.

मग पहिले पत्र, आणि ते शांत असावे. मी लिहितो ते साधारण असे असते : ‘महोदय, आपल्या संकेतस्थळावरील अमुक पत्त्याच्या पानावर असलेला मजकूर व दोन छायाचित्रे आमच्या अमुक पत्त्याच्या पानावर अमुक दिनांकास प्रथम प्रसिद्ध झालेली आहेत. त्यांचा कॉपीराइट आमच्याकडे असून त्यांच्या वापरास आम्ही परवानगी दिलेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत मजकूर व छायाचित्रे काढून तसे कळवावे, ही विनंती.’ यात धमकी नाही, शिव्या नाहीत आणि भरपाईची मागणीही नाही. अनेकदा एवढ्याने काम होते, कारण समोरच्याने तो मजकूर व्हॉट्सॲपवरून आलेला, कोणाचाच नसलेला समजून चिकटवलेला असतो. शिवाय पोकळ धमक्यांविरुद्ध कायद्यात कलम ६० आहे. कॉपीराइटच्या नावाखाली निराधार धमकी मिळालेला माणूस उलट तुमच्यावरच दावा करू शकतो.

भरताच्या प्रकरणात उत्तर आले नाही. अशा वेळी त्या माणसाचा पिच्छा पुरवण्यात वेळ घालवू नये. त्याचे पान ज्याच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीकडे जावे. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, नोंद तपासली तर मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते, परंतु नोंदणी करणाऱ्या कंपनीचा तक्रारीचा पत्ता दिसतो, आणि त्यावरून बऱ्याचदा होस्टिंगपर्यंत पोहोचता येते. कंपनी भारतातली असेल तर कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ चा नमुना डोळ्यांसमोर ठेवून लेखी तक्रार करावी. कोणती कृती, ती आपली असल्याचा आधार, समोरची प्रत बेकायदेशीर का आणि ती कलम ५२ च्या सवलतीत का बसत नाही, ती नेमकी कोणत्या पत्त्यावर आहे, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी, एवढे त्यात असावे लागते. तक्रार योग्य वाटल्यास मध्यस्थाने, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर साठवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या कंपनीने, ३६ तासांत त्या प्रतीपर्यंतची वाट बंद करायची असते. २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो ती पुन्हा खुली करू शकतो. ही तरतूद मुळात क्षणिक किंवा आनुषंगिक साठवणुकीसाठी, म्हणजे मजकूर पोहोचवताना ओघात राहणाऱ्या प्रतींसाठी, लिहिलेली आहे आणि मध्यस्थांची व्यापक जबाबदारी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ मध्ये आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाच्या खटल्यात दोन्ही कायदे एकत्र वाचून सांगितले की मध्यस्थाला जबाबदार धरायचे तर त्याला विशिष्ट मजकुराविषयी प्रत्यक्ष माहिती असली पाहिजे. म्हणूनच ‘आमचे सगळे लेख चोरले’ अशी मोघम तक्रार फुकट जाते. प्रत्येक पानाचा पत्ता आणि त्यासमोर मूळ पानाचा पत्ता, अशा जोड्या द्याव्यात.

सर्व्हर अमेरिकेत असेल, आणि तो बऱ्याचदा असतोच, तर तिथला १९९८ चा डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट) हा कायदा उपयोगी पडतो. त्याखालील सूचना कोणत्याही देशातील हक्कदाराला, वकिलाशिवाय, साध्या इंग्रजीत पाठवता येते. कृतीचे वर्णन, दोन्ही पत्ते, आपला संपर्क, हा वापर परवानगीविना आहे असे सद्भावनेने मानत असल्याचे निवेदन, माहिती अचूक असल्याचे विधान, आपण हक्कदार किंवा त्याचे प्रतिनिधी असल्याचे शपथेवरील विधान आणि सही, एवढे पुरते. सूचना नियमाप्रमाणे असली तर कंपनी पान सहसा लवकर काढते, कारण न काढल्यास तिचे स्वतःचे कायदेशीर कवच जाते. समोरच्याने प्रतिसूचना दिली तर तुम्हाला तिथल्या न्यायालयात जावे लागते. तसे केले नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. जाणूनबुजून खोटी सूचना देणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते, म्हणून हक्काची तपासणी आधी करावी असे मी वर म्हटले. गुगलकडेही अशीच स्वतंत्र सूचना देता येते. तिने पान जगातून नाहीसे होत नाही, शोधनिकालांतून जाते; तरीही उपयोग मोठा, कारण नक्कल करणाऱ्याला जाहिरातींचे पैसे मिळतात ते त्याच वाटेने आलेल्या वाचकांमुळे. गुगलला पाठवलेल्या सूचनांची प्रत लुमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात ठेवली जाते, तेव्हा आपले नाव तिथे दिसू शकते हे लक्षात असू द्यावे. आत्याबाई परत आल्या त्या याच मार्गाने. होस्टिंग कंपनीला पाठवलेल्या एका पानाच्या इंग्रजी सूचनेवर ते पान बंद झाले, आणि त्या माणसाशी माझे आजतागायत एका शब्दाचेही बोलणे झालेले नाही.

न्यायालयाची वाट लांबची आहे, पण बंद नाही. कलम ६२ प्रमाणे दावा जिल्हा न्यायालयात, आणि सर्वसाधारणपणे हक्कदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथेही दाखल करता येतो. म्हणजे धुळ्याच्या माणसाला मुंबई-बंगळूरूला धावावेच लागते असे नाही. मनाई, भरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो. भरपाईसाठी मुदत भंगापासून तीन वर्षे. कलम ६३ खाली हा गुन्हाही आहे. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. एका लेखाच्या नकलेसाठी पोलीस ठाणे गाठणे मला प्रमाणाबाहेरचे वाटते. कोणी अख्खे संकेतस्थळ उतरवून त्यावर कमाई करत असेल तर गोष्ट वेगळी. १९३० हा क्रमांक आर्थिक सायबर फसवणुकीसाठी आहे, त्यावर ही तक्रार करू नये.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, अशी आपली गत होऊ नये, म्हणून एक गोष्ट राहिली. भरताच्या लेखाची सूचना तयार करताना मी ओळीने आमची सगळी पाने तपासली आणि तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या छायाचित्रापाशी थांबलो. ते आमच्यापैकी कोणीही काढलेले नव्हते. तिथे लिहिणाऱ्या मुलाने ते कुठून तरी घेतले होते आणि मी न विचारता छापले होते. छायाचित्र उलट शोधून मूळ छायाचित्रकार सापडला. छायाचित्र त्याच दिवशी पानावरून हटवले, त्याला सविस्तर पत्र लिहिले, चूक मान्य केली आणि पुढे वापरायचे असल्यास किती मोबदला द्यावा असे विचारले. त्याने माफक रक्कम सांगितली, नाव कसे छापावे तेही सांगितले आणि एक अट घातली की छायाचित्र कापायचे नाही. परवाना लेखी असावा, एवढेच कलम ३० मागते. आमचा ईमेलचा पत्रव्यवहार आम्ही तसा धरला आहे. त्याचे ते दोन ओळींचे उत्तर छापून मी छायाचित्राच्या फाइलसोबत ठेवले आहे, आणि तलावाच्या पानावर आता त्याचे नाव आहे.